गुरू की सौमित्र? आमच्या गटातलं भांडण

(सामुदायिक रेडिओ केंद्रावरून बचत गटाच्या वतीनं झालेल्या भाषणाचा मजकूर)

कुणाच्या धारा काढून झाल्या असतील, कुणाची भाकरी तव्यावर असेल. भाकरी करपू देऊ नका, पण कान इकडं असू द्या.

मागच्या खेपेला आमच्या गटानं शेळ्यांच्या विम्याबद्दल सांगितलं होतं. या वेळी केंद्रावरच्या ताई म्हणाल्या, तुमच्या मनातलं काहीतरी बोला. आम्ही अकरा जणी. विषय ठरवायला बसलो आणि अर्धा तास मालिकेवरूनच जुंपली. ताई बाजूला बसून हसत होत्या. म्हणाल्या, अहो, हाच विषय घ्या की.

म्हणून आज मालिकेतल्या जोड्यांवर बोलणार आहोत. कुणी कुणाशी लग्न करावं, कुणी कुणाला सोडावं, आणि त्यावरून आपण एकमेकींशी का भांडतो. हा काय रेडिओवर बोलायचा विषय, असं काहींना वाटेल. पण आमच्या गटात कर्जावरून, हप्त्यावरून, पाण्याच्या पाळीवरूनसुद्धा कुणी कुणाशी दोन महिने अबोला धरला नव्हता. तो धरला गेला राधिकावरून.

अगदी पहिल्यांदा असं नव्हतं. ‘तुझ्यात जीव रंगला’ लागायची तेव्हा सगळ्या एका बाजूला होत्या. कोल्हापूरकडचा तो राणा, तालमीतला गडी, मन साधं. आणि अंजली शाळेत शिकवणारी. २०१६ च्या ऑक्टोबरात सुरू झाली. वाद झाला तो एवढाच, की शिकलेल्या मुलीनं न शिकलेल्याशी लग्न करावं का. तोही भांडणासारखा नव्हता. ज्यांच्या मुली तेव्हा बारावीला होत्या त्या जरा गप्प बसायच्या, बाकीच्या हसायच्या. पुढं २०२२ च्या डिसेंबरात राणा आणि अंजलीचं काम करणाऱ्या दोघांनी, हार्दिक जोशी आणि अक्षया देवधर यांनी, खरोखरच लग्न केलं. तेव्हा आमच्यातल्या एका काकूंनी ते लग्न स्वतः जमवल्यासारखे पेढे वाटले.

खरं भांडण ‘माझ्या नवऱ्याची बायको’ने लावलं. २०१६ च्या ऑगस्टला सुरू झाली ती २०२१ च्या मार्चपर्यंत चालली. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. राधिका नागपूरकडची, बोलणं वऱ्हाडी, संसारात बुडालेली. नवरा गुरुनाथ ऑफिसातल्या शनायाच्या नादी लागतो. राधिका रडत बसत नाही, मसाल्याचा धंदा उभा करते. तिचा एक मुलगा, अथर्व. शनायाचं काम करणारी नटी मध्येच बदलली, मग पुन्हा पहिली आली, पण आमचा राग दोघींवर सारखाच होता. गुरूला शिव्या घालण्यात अकराच्या अकरा एक. हप्ता द्यायला उशीर झाला तरी चालेल, पण गुरूला काय शिक्षा झाली ते आधी सांग, असं चालायचं.

मसाल्याबद्दल एक सांगून टाकतो, नाहीतर राहून जाईल. आम्हीही मसाला करतो. मिरची कोरडी हवी, देठं काढा, खोबरं भाजा, कांडपावर रांग लावा, वजन, पिशवी, लेबल, अन्न परवान्याची नोंदणी, मग दुकानदार म्हणणार ठेवून जा, खपला तर पैसे देतो. राधिकाची कंपनी बघता बघता कोटींत गेली. आमची अजून शेजारच्या तालुक्यात जायची आहे. पण तिचं बघून आमच्यातल्या दोघींनी पाकिटावर नाव छापून घेतलं, हेही खरं.

तर, मालिकेत सौमित्र आला आणि गटात दोन पॅनल पडले. ग्रामपंचायतीला पडतात तसेच. एक गुरू पार्टी, एक सौमित्र पार्टी.

गुरू पार्टीच्या पुढारी आमच्या आक्का. वयानं सगळ्यांत मोठ्या. त्यांचं म्हणणं, पोराला बाप लागतो. नवरा चुकला, त्याला शिक्षा झाली, नाक घासून आला तर घरात घ्यावा. दुसरा कितीही चांगला असला तरी अथर्वचा बाप तो नव्हे. सौमित्र पार्टीत बहुतेक तरण्या सुना. त्यांचं म्हणणं, नाक घासणारा पुन्हा जाणार. ज्यानं एकदा बाईला घरात परकी केली त्याच्या हाताखाली पुन्हा का जायचं? सौमित्र तिचं ऐकून घेतो, तिच्या कामाला कमी लेखत नाही, अजून काय पाहिजे?

आमच्या खजिनदार वहिनींचं तिसरंच. त्या म्हणायच्या, तिला कुणीच नको. मसाला आहे, पोरगा आहे, घर आहे. सकाळी उठून कुणाला चहा द्यायचा नाही, यासारखं सुख नाही. दोन्ही पार्ट्या त्यांच्यावर तुटून पडायच्या. आमच्यातल्या काहींना अजूनही वाटतं की सगळ्यांत शहाणं बोलणं त्यांचंच होतं. पण मालिकावाल्यांना ते परवडणारं नाही. बाई एकटी सुखात राहिली तर पुढच्या भागात दाखवणार काय?

राधिकानं शेवटी सौमित्रशी लग्न केलं. त्या रात्री सौमित्र पार्टीनं गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फटाक्यांची चित्रं टाकली. आक्कांकडं साधा फोन, त्यांना दुसऱ्या दिवशी नळावर कळलं. तिथं कुणीतरी म्हणालं, ‘हरली तुमची पार्टी.’ आक्का हंडा अर्धाच भरून निघून गेल्या. पुढच्या दोन बैठकांना आल्या, हप्ता ठेवला, सही ऐवजी अंगठा दिला आणि कुणाशी न बोलता गेल्या. त्यांच्या बाजूच्या दोघींनी संक्रांतीचं हळदीकुंकू निम्म्या आळीत केलं, निम्म्या आळीत नाही.

इकडं ग्रुपवर प्रोमोंचा आणि टोमण्यांचा एवढा पूर आला, की तिघींनी ग्रुपचा आवाज बंद करून ठेवला. त्यातच बँकेच्या भेटीची तारीख बदलल्याचा निरोप आला. तो त्या तिघींनी वाचलाच नाही. साहेब आले तेव्हा सचिवच हजर नाहीत. कर्जाचं काम पुढच्या महिन्यावर गेलं. पेरणी तोंडावर असताना महिना म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको.

त्यानंतर आम्ही ठराव केला आणि तो इतिवृत्तात लिहिला. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशेब, ही आपली पंचसूत्री आधी. सगळ्यांच्या सह्या झाल्या की मग मालिका. ग्रुपही दोन केले, एक कामाचा, एक गप्पांचा. प्रभागातल्या ताई तपासणीला आल्या तेव्हा तो ठराव वाचून खूप हसल्या. पण शेजारच्या दोन गटांनी तो तसाच उतरवून घेतला.

आता थोडं या मालिका कशा चालतात त्याबद्दल. आपण भांडतो ते कुणाच्या तरी फायद्याचं असतं. देशभरात काही हजार घरांत टीव्हीला एक यंत्र जोडलेलं असतं. त्या घरात बघायला बसलेल्या प्रत्येकानं आपापलं बटण दाबायचं असतं. त्यावरून दर आठवड्याला आकडा निघतो, कोणती मालिका किती बघितली गेली याचा. त्यालाच टीआरपी म्हणतात. २०१५ पासून त्यात गावाकडचीही घरं धरली जातात. जाहिरातीचा भाव त्या आकड्यावर ठरतो. त्या यंत्राला एवढंच कळतं, की मालिका लागलेली आहे. गुरू पार्टीची बाई चिडून बघते की सौमित्र पार्टीची खुशीत बघते, ते त्याला कळत नाही. दोघींची मोजणी सारखीच.

म्हणून जोडी जुळत आली की अपघात होतो, स्मृती जाते, जुनी बायको परत येते. आपण म्हणतो लेखकाला अक्कल नाही. अक्कल आहे, म्हणूनच तो जुळू देत नाही. जोडी जुळली की अर्ध्या जणी टीव्ही बंद करून झोपायला जातात.

हे कळल्यावर आमचं भांडण थांबलं का? नाही. कारण मग आली अरुंधती.

‘आई कुठे काय करते’ २०१९ च्या डिसेंबरात सुरू झाली आणि जवळजवळ पाच वर्षं चालली. मूळ गोष्ट बंगाली मालिकेची, ‘श्रीमयी’ची. तिच्यावरूनच हिंदीत ‘अनुपमा’ झाली. म्हणजे बंगालपासून आपल्यापर्यंत बाया एकाच गोष्टीवरून भांडत होत्या. पंचवीस वर्षं घर सांभाळलेली अरुंधती. नवरा अनिरुद्ध, त्याचं संजनाशी प्रकरण. घटस्फोट होतो. मग कॉलेजातला जुना मित्र आशुतोष भेटतो. तिच्यावर मनातल्या मनात जीव असलेला, कधी बोलला नाही असा. मुलं मोठी झालेली, लग्नाला आलेली. एक मुलगा आईच्या बाजूनं, मुलगी चिडलेली. सासूबाईंना पटत नाही, पण सासरे, म्हणजे आप्पा, सुनेच्या पाठीशी उभे राहतात. २०२३ मध्ये लग्न झालं.

राधिकाच्या वेळी भांडण मुलाच्या बापावरून होतं. अरुंधतीच्या वेळी ते वयावर आलं. ‘सून यायच्या वयात ही बोहल्यावर चढणार? लोक काय म्हणतील?’ ‘अनिरुद्धनं त्याच वयात केलं तेव्हा लोक कुठं गेले होते?’ हे प्रश्न नळावर, कांद्याच्या खुडणीत, डॉक्टरच्या रांगेत, सगळीकडं. त्याच्या आधी ‘अगंबाई सासूबाई’मध्ये आसावरीचं लग्न झालं होतं, विधवा सासूचं, सुनेनं लावून दिलेलं. तेव्हा मात्र आमच्याकडं फारसा वाद झाला नाही. एक तर ती हसतखेळत दाखवली होती. आणि दुसरं म्हणजे आसावरीला नवरा नव्हताच. अरुंधतीचा नवरा समोर जिवंत फिरत होता. आपल्याकडं बाईचं दुसरं लग्न नवरा मेल्यावर एक वेळ डोळ्याआड करतात, पण नवऱ्यानं टाकल्यावर नाही. टाकलेलीनं वाट बघायची.

आपल्या नगर जिल्ह्यात टाकलेल्या बायांचा प्रश्न पहिल्यांदा मोठ्यानं बोलला गेला तो संगमनेरला, १९८८ साली, परित्यक्तांच्या परिषदेत. आमच्यातल्या काही जणी तेव्हा शाळेतही नव्हत्या. आज टीव्हीवरच्या बाईच्या निमित्तानं तो घराघरांत बोलला जातो. मालिकेचं एवढं श्रेय आम्ही मानतो. घरात सासूसमोर ‘टाकलेल्या बाईनं दुसरं लग्न करावं’ असं कुणी सरळ म्हणेल का? पण ‘अरुंधतीनं करावं’ असं म्हणता येतं. सासूही ‘नाही करायचं’ असं अरुंधतीबद्दल म्हणते आणि दोघींना एकमेकींचं मन कळतं. म्हणून तर हे भांडण एवढं तापतं.

आशुतोषला २०२४ मध्ये मालिकेतून मारून टाकलं, अपघातात. त्या दिवशी आशुतोष पार्टी इतकी चिडली होती की काय सांगू. आणि अनिरुद्ध पार्टीतलं कुणीतरी म्हणालं, ‘बघा, टिकलं का?’ आमचं मत विचाराल तर लेखकानं तिथं अन्याय केला. बाईला दुसरं सुख दिलं आणि वर्षभरात काढून घेतलं. बघणाऱ्यांनी त्यातून काय घ्यायचं? मालिका तर दुपारी नेली. दुपारी आम्ही रानात. ज्यांच्याबद्दलची मालिका, त्यांनाच बघायला वेळ नाही.

आता जे सांगणार आहोत ते तिची परवानगी घेऊन सांगतोय. नाव सांगणार नाही, गावही नाही.

आमच्या गटात एक तरुण बाई आहे. नवरा गेला तेव्हा मुलगी अंगावर पिणारी होती. ती बैठकीला यायची, हप्ता द्यायची, मालिकेच्या भांडणात मात्र कधी तोंड उघडायची नाही. आम्हाला वाटायचं तिला टीव्हीची आवड नाही. मागच्या वर्षी तिला स्थळ आलं. त्याचीही बायको वारलेली, एक मुलगा. तिनं माहेरी काही सांगितलं नाही, सासरीही नाही. एका बैठकीत सह्या झाल्यावर ती म्हणाली, ‘मला काहीतरी विचारायचंय. पण मला माहीत आहे कोण काय म्हणणार.’

आम्ही विचारलं, तुला कसं माहीत?

ती म्हणाली, ‘तीन वर्षं मी मोजतेय. राधिकाच्या वेळी कोण कुठं होतं, अरुंधतीच्या वेळी कोण कुठं होतं. सात जणी आशुतोषच्या बाजूच्या, तिघी नाहीत. मी लग्न केलं तर माझ्या घरी कोण येईल आणि कोण रस्ता बदलेल, ते मी तुमच्या भांडणातून बघत होते.’

खोलीत कुणी बोललं नाही. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं म्हणतात ना, तसं.

पण तिची मोजणी बरोबर निघाली नाही. ऐका पुढं. त्या सातांमधल्या एकीनं, जिनं फटाक्यांची चित्रं टाकली होती तिनं, दुसऱ्याच दिवशी सांगितलं की आमच्या घरात चालणार नाही, मला यात धरू नका. तिच्या नवऱ्याचं आणि त्या मुलीच्या दिराचं येणं-जाणं. तिला दोष द्यायचा नाही, तिलाही त्याच आळीत राहायचंय. आणि आक्का, गुरू पार्टीच्या पुढारी, त्या संध्याकाळी काठी टेकत तिच्या दारात गेल्या. आक्कांचा नवरा गेला तेव्हा त्यांची धाकटी पोटात होती. त्यांनी दुसरं लग्न केलं नाही. कुणी विचारलंच नाही, असं त्या म्हणतात. आम्ही त्यांना म्हटलं, आक्का, तुम्ही तर राधिकाला नको म्हणत होता. त्या म्हणाल्या, ‘ती टीव्हीतली. तिला भाकरी कोण घालतं ते मला माहीत नाही. हिची पोरगी माझ्या वट्यावर खेळते.’

मग खरी अडचण समोर आली ती जमिनीची. दीर म्हणाला, लग्न करायचं तर कर, पण सात-बारावरून नाव काढून दे. हे तुमच्याही गावात होत असेल म्हणून नीट सांगतो. नवरा मृत्युपत्र न करता वारला, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं त्याच्या वाट्यात बायकोचा आणि मुलांचा हक्क त्याच वेळी लागतो. पुढं तिनं लग्न केलं म्हणून तो परत जात नाही. मुलीचा हक्क तर मुळीच जात नाही. कुणी हक्कसोड पत्रावर सही मागितली तर घाईनं करू नका. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते, बाईमाणसाला तिथं वकिलाचा सल्ला फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. आक्का आणि खजिनदार वहिनी तिला घेऊन तिथं गेल्या. वकीलबाईंनी जे सांगितलं ते वहिनींनी वहीत लिहून आणलं आणि दिराला वाचून दाखवलं. तो त्यानंतरही चिडला, पण सात-बाराचं बोलणं थांबलं.

आणखी एक आधार मिळाला तो हेरवाडचा. कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यात हे गाव. २०२२ च्या मे महिन्यात तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं हे आमच्या गावात करायचं नाही. त्याच महिन्यात सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगणारं पत्रक काढलं. आमच्या सरपंचांकडं ते पत्रक नव्हतं, ग्रामसेवकानं शोधून काढलं. आमच्या गावात ठराव अजून झालेला नाही. येत्या ग्रामसभेत आम्ही मांडणार आहोत. तिथंही दोन पार्ट्या होणार, हे धरून चाललोय.

लग्न देवळात झालं, साधंच. ग्रामपंचायतीत नोंदणीला तीन साक्षीदार लागतात, आणि विधवेचं लग्न असेल तर पहिल्या नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला जोडावा लागतो, तो आधीच काढून ठेवा. तिसऱ्या साक्षीदाराच्या जागी आक्कांचा अंगठा आहे. फटाकेवाली आली नाही, पण मुलीसाठी फ्रॉक पाठवला. मुलगी नव्या घरी शाळेत जायला लागली आहे. नव्या बापाला ती अजून ‘काका’ म्हणते, आणि तो म्हणतो काका तर काका.

आक्कांचं मत बदललं असं समजू नका. आता ‘ठरलं तर मग’ लागते. कराराचं लग्न, सायली आणि अर्जुन. आक्का म्हणतात, कागदावरचं लग्न म्हणजे लग्नच नव्हे, आणि सुना म्हणतात, देवळातलं तरी कुठं टिकतं. काल पुन्हा जुंपली. पण सह्या झाल्यावर.

तुमच्या गावात कोणत्या जोडीवरून पार्ट्या पडल्यात? पोस्टकार्डावर लिहून केंद्राच्या पत्त्यावर पाठवा, किंवा कार्यक्रमाच्या वेळी फोन करा. तुमची बाजू कोणती, आणि का, ते लिहा. पुढच्या महिन्यात आमच्या जागी शेजारच्या वाडीचा गट बोलणार आहे. त्या सगळ्या अनिरुद्ध पार्टीच्या आहेत, आत्ताच सांगून ठेवतो. आम्ही इथंच थांबतो. नमस्कार.